‘डॉक्टर, अजून किती?’ : घरी असलेल्या कर्करुग्णाच्या उरलेल्या काळाचा अंदाज कसा घ्यावा

तपासून होतं, औषधं लिहून होतात, मी बॅग उचलते आणि घरातलं कुणीतरी दारापर्यंत सोडायला येतं. दार अर्धवट ओढून घेतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "डॉक्टर, अजून किती?"

वाढलेल्या, आता बरा न होणाऱ्या कर्करोगाचे रुग्ण त्यांच्या घरी जाऊन बघणं हे माझं काम आहे. या प्रश्नाला "ते आपल्या हातात नाही" असं म्हणून निघून येता येतं. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. पण तो प्रश्न एकटा नसतो. परदेशातल्या मुलाला आत्ता बोलवायचं की पुढच्या महिन्यात? कामावरून रजा कधीपासून घ्यायची? केमोची पुढची फेरी करायची की नाही? गोळ्या गिळता येईनाशा झाल्या तर रात्री दुखणं कसं थांबवायचं? उत्तर मिळालं नाही म्हणून हे निर्णय थांबत नाहीत, ते चुकीच्या वेळी होतात.

एका घरी मी "दोन-तीन महिने तरी आहेत" असं सांगून आले. काका त्या दिवशी उशीला टेकून बसले होते, माझ्याशी नीट बोलले, हसलेही. अकराव्या दिवशी ते गेले. मुलाचं विमानाचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं, माझ्या शब्दावर काढलेलं. नंतर मी माझ्याच जुन्या नोंदी काढून बसले. तीन आठवड्यांपूर्वी काका स्वतः दार उघडायला आले होते. पुढच्या भेटीत खुर्चीत होते. शेवटच्या भेटीत त्यांना पलंगाच्या कडेवर बसवायला दोन माणसं लागत होती. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मी त्या दिवशीचा चेहरा पाहिला, उतार पाहिला नाही.

तो उतार कसा बघायचा, कसा मोजायचा आणि घरच्यांना कसा सांगायचा, ते इथे लिहिते आहे. घरी भेट देणाऱ्या नर्स आणि फॅमिली डॉक्टरांसाठी तर आहेच, पण दिवसरात्र उशाशी बसणाऱ्या घरच्यांसाठीही आहे. कारण अंदाजासाठी लागणारी बहुतेक माहिती त्यांच्याकडेच असते.

आपली नजर कुठे फसते

2000 साली निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमंट यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकागोतल्या हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या, सेवांमध्ये दाखल झालेल्या 468 रुग्णांबद्दल 343 डॉक्टरांना त्यांचा अंदाज विचारला होता. फक्त 20 टक्के अंदाज बरोबर निघाले. 63 टक्के अंदाजांत प्रत्यक्षापेक्षा जास्त काळ सांगितला होता, 17 टक्के अंदाजांत कमी. सगळे अंदाज एकत्र धरले तर सांगितलेला काळ प्रत्यक्षाच्या पाचपटीहून अधिक होता. मला सर्वात लागलेली गोष्ट वेगळीच आहे: डॉक्टर आणि रुग्णाची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकण्याकडे कल होता. माया लागली की आपण महिने वाढवून देतो.

म्हणून मी दोन गोष्टी करते. मनात पहिला आकडा आला की तो जास्तच असणार असं धरून चालते. आणि माझ्याबरोबर येणाऱ्या नर्सला तिचा अंदाज वेगळ्या कागदावर लिहायला सांगते, माझा न सांगता. दोघींचे कागद जुळले तर ठीक. नाही जुळले तर बसून बोलतो, आणि बहुतेक वेळा तिनं असं काहीतरी पाहिलेलं असतं जे माझ्या नजरेतून सुटलं. अंघोळ घालताना पाठ कशी लागते, कूस बदलताना माणूस किती साथ देतो, हे तिच्या हातांना कळलेलं असतं.

दुसरी फसगत आकड्यांची. "या आजारात सरासरी आयुष्य चार महिने" असं कुठेतरी वाचून घरचे कॅलेंडरवर खूण करतात. तो आकडा बहुधा मध्यक असतो. म्हणजे त्या गटातले निम्मे लोक त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन स्टॉकलर आणि बेलिंडा काइली यांनी यासाठी एक सोपा हिशेब दिला आहे. मध्यक चार महिने असेल तर साधारण निम्मे लोक त्याच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत, म्हणजे दोन ते आठ महिने जगतात. शंभरातले पाच-दहा जण एक महिन्याच्या आतच जातात, तर पाच-दहा जण वर्षभर किंवा त्याहून जास्त काढतात. एका आकड्याऐवजी हे तीन तुकडे सांगितले की ऐकणाऱ्याला खरं चित्र दिसतं.

तारीख मागू नका आणि देऊही नका. माप ठरवा: वर्षं, महिने, आठवडे, दिवस की तास? एवढं बरोबर आलं तरी घरातले बहुतेक निर्णय योग्य वेळी होतात.

पहिली पायरी: हा उतार आजाराचाच आहे ना?

मोजायला बसण्याआधी हे तपासा. घाई झाली की हीच पायरी गाळली जाते, आणि मग अंदाज तर चुकतोच, शिवाय टाळता येण्यासारखा त्रास तसाच राहतो.

कर्करोगाचा उतार सहसा आठवड्यांच्या चालीनं होतो. चालता-बोलता माणूस दोन-तीन दिवसांत एकदम कोसळला, तर दुसरं कारण शोधायचं. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग. रक्तातलं कॅल्शियम वाढणं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी आणि गोंधळ एकत्र दिसले तर ते आधी मनात यायला हवं, कारण त्यावर सलाइन आणि शिरेतून एक औषध देता येतं आणि काही दिवसांत माणूस पुन्हा बोलायला लागू शकतो. मूत्रपिंड मंदावल्यामुळे शरीरात साठलेलं मॉर्फिन: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, हातपाय मध्येच दचकल्यासारखे उडणं, सतत झोप. नव्यानं सुरू केलेली झोपेची किंवा उलटीची गोळी. स्टिरॉइड एकदम बंद करणं. मधुमेही माणसाचं जेवण घटलं, पण साखरेची गोळी तशीच चालू राहिली. पाय अचानक लुळे पडणं आणि पाठ दुखणं ही मात्र थांबण्याची गोष्ट नाही. तिथे मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांशी बोला.

एका रात्री फोन आला. "शेवटचं दिसतंय, सारखे पांघरूण ओढतायत, कुणाला ओळखत नाहीत." गेले तेव्हा खरंच तसंच होतं. माणूस तळमळत होता, कण्हत होता, हात हवेत. घरचे रडत होते. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली घट्ट, फुगलेला गोळा लागला, आणि तो दाबताच त्यांनी माझं मनगट धरलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला. पिशवीत लिटरभराहून जास्त लघवी आली. अर्ध्या तासात श्वास शांत झाला, सकाळी त्यांनी चष्मा मागितला. त्यानंतर ते पाच आठवडे होते. तेव्हापासून तळमळणाऱ्या माणसाचं ओटीपोट तपासल्याशिवाय मी काळाबद्दल एक शब्दही बोलत नाही. शौच किती दिवसांत झालेलं नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

कारण सापडलं म्हणजे उपचार केलेच पाहिजेत असं नाही. त्यासाठी दवाखान्यात जावं लागणार असेल आणि रुग्णाला घर सोडायचं नसेल, तर ते त्याचं म्हणणं. पण निर्णय कारण माहीत असताना व्हावा.

दुसरी पायरी: शरीर किती चालतं ते मोजा

वाढलेल्या कर्करोगात काळाचा सर्वात भरवशाचा एकटा निर्देशक म्हणजे माणूस किती हिंडू-फिरू शकतो आणि स्वतःचं किती करू शकतो. गाठ किती सेंटीमीटरची आहे, यापेक्षा हे जास्त सांगतं. यासाठी पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल, म्हणजे पीपीएस, वापरतात. कॅनडातल्या व्हिक्टोरिया इथल्या हॉस्पिसमध्ये ते 1996 साली तयार झालं. 100 ते 0 टक्के, दहाच्या टप्प्यांनी. पाच गोष्टी बघायच्या, आणि त्याच क्रमानं: हालचाल, कामकाज, स्वतःची काळजी, खाणंपिणं, शुद्धीवर असणं. आधीच्या गोष्टीला नंतरच्या गोष्टीपेक्षा जास्त वजन.

घरी बहुतेक वेळा आपण 60 च्या खालीच असतो. 60 म्हणजे घरात फिरतो, पण छंद किंवा घरकाम जमत नाही, अधूनमधून मदत लागते. 50 म्हणजे दिवसाचा बराच वेळ बसून किंवा पडून, आणि मदत चांगलीच लागते. 40 म्हणजे बहुतेक वेळ अंथरुणात. 30 म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, सगळं दुसऱ्यानं करायचं, पण थोडंफार खातो. 20 म्हणजे त्याच अवस्थेत फक्त घोट-दोन घोट. 10 म्हणजे तोंड ओलं करण्यापुरतंच, आणि गुंगी किंवा बेशुद्धी.

आकडा देताना रुग्णाला "कसं वाटतंय?" एवढंच विचारू नका. पाहुण्यांसमोर माणूस सावरून बसतो. "काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय केलं, ते सांगता का?" असं विचारा. बाथरूमपर्यंत कोण घेऊन गेलं? कपडे कुणी बदलले? पलंगावर किती तास गेले? उत्तर घरच्यांकडून पडताळून घ्या.

इथे एक खाचखळगा आहे. मणक्यातल्या दाबामुळे पाय गेलेला माणूस पलंगावर असतो, पण स्वतःच्या हातानं खातो, दाढी करतो, वाचतो. त्याला डोळे मिटून 30 दिले तर त्याचे आठवडे आपण कागदावरच संपवतो. अंथरुण कशामुळे धरलं, आजारानं आलेल्या क्षीणपणामुळे की पायांमुळे, हे लिहून ठेवा.

तिसरी पायरी: वेग पाहा

एका दिवसाचा आकडा म्हणजे एक फोटो. दोन-तीन भेटींचे आकडे शेजारी ठेवले की चाल दिसते. घरोघरी उपयोगी पडलेला आडाखा असा: महिन्यामहिन्याला बदल दिसत असेल तर काळ महिन्यांच्या मापात, आठवड्याआठवड्याला दिसत असेल तर आठवड्यांच्या मापात, रोज काहीतरी सुटत असेल तर दिवसांच्या मापात. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक पडू लागला की तासांकडे नजर ठेवायची. हा आडाखा घरच्यांनाही सांगा. त्यांना तो लगेच पटतो, कारण त्यांनी ते रोज पाहिलेलं असतं.

त्यासाठी घरात एक साधी वही ठेवायला सांगा. रोज रात्री एक ओळ, जास्त नाही. मला एका ताईंनी लिहिलेली पानं आठवतात. सोमवार: "दोन तास खुर्चीत. अर्धी वाटी खाल्लं. रेडिओ लावायला सांगितला." पुढचा सोमवार: "खुर्चीत नको म्हणाली. चार घास. दुपारी बराच वेळ झोप." त्यानंतरचा सोमवार: "दोन चमचे पाणी. हाक मारली की डोळे उघडते." या तीन ओळी मला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगून गेल्या. ताईंनाही. त्या म्हणाल्या, "मी लिहीत होते, पण वाचलं आज."

वही वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड चालू झालं की काही दिवस भूक आणि तरतरी वाढते. ती औषधाची, आजार मागे हटल्याची नव्हे. आणि कधीकधी अगदी शेवटाकडे माणूस एक दिवस अचानक ताजातवाना होतो, बोलतो, काहीतरी मागतो. त्या दिवशी त्याच्याजवळ बसा, अंदाज बदलू नका.

चौथी पायरी: पीपीआय काढा

जपानमधल्या तात्सुया मोरिता आणि सहकाऱ्यांनी 1999 साली पॅलिएटिव्ह प्रोग्नॉस्टिक इंडेक्स, म्हणजे पीपीआय, मांडला. घरी काम करणाऱ्यासाठी याची मोठी सोय अशी की रक्त काढावं लागत नाही. पाच गोष्टींना गुण द्यायचे:

- पीपीएस 10–20 असेल तर 4, 30–50 असेल तर 2.5, 60 किंवा जास्त असेल तर 0
- तोंडावाटे खाणं: काही घास किंवा त्याहून कमी 2.5; कमी झालंय पण काही घासांपेक्षा जास्त 1; नेहमीसारखं 0
- अंगावर सूज असेल तर 1
- स्वस्थ पडलेलं असतानाही धाप लागत असेल तर 3.5
- डेलिरियम, म्हणजे नव्यानं आलेला मेंदूचा गोंधळ, असेल तर 4

बेरीज 6 पेक्षा जास्त आली तर काळ तीन आठवड्यांपेक्षा कमी असण्याची शक्यता मोठी. 4 पेक्षा जास्त आली तर सहा आठवड्यांपेक्षा कमी. मूळ अभ्यासात तीन आठवड्यांच्या सीमेसाठी संवेदनक्षमता 80 टक्के आणि विशिष्टता 85 टक्के होती. सोप्या शब्दांत, तीन आठवड्यांच्या आत गेलेल्या शंभरांपैकी वीस जणांना हा हिशेब पकडू शकला नव्हता, आणि जास्त जगलेल्या शंभरांपैकी पंधरांबद्दल त्यानं घाई केली होती. एवढी चूक मनात धरूनच तो वापरायचा.

गुण देताना लोक अडतात ते धाप आणि डेलिरियमपाशी. धाप म्हणजे चालल्यावर लागणारी नव्हे. पडून असतानाही दम लागतो का, ते विचारा आणि पूर्ण एक मिनिट छाती बघत श्वास मोजा. डेलिरियम म्हटलं की आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो, पण घरी जास्त चुकतो तो शांत प्रकार: माणूस गप्प, तंद्रीत, मध्येच भलतंच बोलतो, रात्रीचा दिवस होतो. घरच्यांना एकच प्रश्न विचारा, "गेल्या काही दिवसांत हे पूर्वीपेक्षा गोंधळलेले वाटतात का?" मग रुग्णाला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. शनिवार-शुक्रवारपर्यंत येऊन धागा सुटला, तर लक्ष टिकत नाहीये. मात्र गोंधळ एखाद्या औषधामुळेच आला असेल आणि ते थांबवून उतरण्यासारखा असेल, तर त्याचे 4 गुण धरायचे नाहीत. म्हणूनच पहिली पायरी आधी. सुजेचं म्हणाल तर, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं सुजलेला हात मी धरत नाही. नव्यानं दोन्ही पायांवर आलेली, बोटानं दाबलं की खड्डा राहणारी सूज धरते.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचं उदाहरण घ्या. पहिल्या भेटीत पीपीएस 50 म्हणून 2.5, खाणं कमी पण बऱ्यापैकी म्हणून 1, बाकी शून्य. बेरीज 3.5. दोन आठवड्यांनी पीपीएस 40, म्हणजे पुन्हा 2.5, खाणं चार घासांवर म्हणून 2.5, घोट्यांवर सूज 1. बेरीज 6. ती 4 च्या वर गेली, 6 च्या वर नाही: सहा आठवड्यांच्या आतली शक्यता. आणखी आठ दिवसांनी पीपीएस 20 म्हणून 4, खाणं 2.5, सूज 1, पडल्या जागी धाप 3.5. बेरीज 11. मधल्या भेटीत 6 आलं होतं तेव्हाच, आधीच्या 3.5 शेजारी ठेवून, मी त्यांच्या बहिणीला बोलवायला सांगितलं. तिसऱ्या भेटीपर्यंत थांबले असते, तर ती आल्यावर तिच्याशी बोलायला ते जागे नसते.

रक्ताचा ताजा अहवाल हाताशी असेल तर जरूर बघा. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 3.5 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, ही जोडी चांगली नसते. पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि त्यांत लिम्फोसाइट या प्रकारच्या पेशींचं प्रमाण घटलेलं, हेही तसंच. इटलीत तयार झालेला पीएपी स्कोअर या पेशींचे आकडे, धाप, भूक आणि डॉक्टरांचा स्वतःचा अंदाज एकत्र करून तीस दिवस जगण्याची शक्यता तीन गटांत सांगतो. पण निव्वळ अंदाजासाठी, घरी पडून असलेल्या माणसाच्या सुकलेल्या हातात सुई घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर सहसा डोळ्यांसमोर असतं.

आणि एक प्रश्न स्वतःला, कुठलेही गुण न देता: "हा माणूस महिन्याभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?" नाही असं उत्तर आलं, तर पुढची तयारी आजच सुरू.

पाचवी पायरी: शेवटचे दिवस ओळखा

इथे नियम बदलतात. आता बेरजा करत बसायचं नाही, खुणा बघायच्या. डेव्हिड हुई आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टन आणि ब्राझीलमधल्या बारेतोस इथल्या दोन कर्करोग रुग्णालयांतल्या 357 रुग्णांची शेवटच्या दिवसांत रोज दोनदा पद्धतशीर नोंद ठेवली. काही खुणा लवकर येतात आणि बऱ्याच जणांत दिसतात: पीपीएस 20 किंवा खाली, जाग कमी होणं, पाणीही गिळताना ठसका. काही उशिरा येतात. त्या सगळ्यांत दिसत नाहीत, पण दिसल्या तर बहुधा तीन दिवसांच्या आतलं आहे असं समजावं: मनगटाची नाडी न लागणं, प्रत्येक श्वासाबरोबर खालचा जबडा हलणं, श्वास मध्येच काही सेकंद थांबणं, श्वास वाढत जाऊन पुन्हा मंद होण्याची लाट, घशातली घरघर, हातापायांची बोटं निळसर पडणं, बारा तासांत लघवी 100 मिलिलिटरपेक्षा कमी. पापण्या पूर्ण न मिटणं, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी सैल पडून चेहरा उतरल्यासारखा दिसणं, मान मागे ताणली जाणं, याही त्याच रांगेतल्या.

मोरितांच्याच 1998 च्या, शंभर रुग्णांच्या नोंदीत घरघर सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्यक 23 तास होता, जबड्याचा श्वास सुरू झाल्यापासून अडीच तास, बोटं निळी पडल्यापासून आणि नाडी लागेनाशी झाल्यापासून एक तास. काही जण याहून खूप जास्त वेळही राहिले होते. तरी घरच्यांना "आता कुणी खोलीबाहेर लांब जाऊ नका" हे कधी सांगायचं, ते यातून कळतं.

या खुणा नाहीत म्हणजे वेळ आहे, असं मात्र मुळीच नाही. बीपी आणि नाडीचे आकडे शेवटच्या दिवसांतही अनेकांचे नॉर्मल असतात. "बीपी तर चांगलं आहे" या वाक्यावर विसंबून गाडीनं गावी निघून गेलेले मुलगे मी पाहिले आहेत.

सहावी पायरी: सांगणं

कुणी विचारलं आणि का, ते आधी बघा. रुग्णानं विचारलं तर मी खाली बसते आणि म्हणते, "काका, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? काही जणांना सगळं हवं असतं, काहींना नको असतं. तुम्ही सांगाल तसं." काही जण वर्षाचा हिशेब विचारत नसतात, "त्रास होईल का?" हे विचारत असतात.

मग मापात सांगायचं, कारणासकट, आणि अनिश्चितता न लपवता: "ताई, तारीख मला सांगता येणार नाही. पण गेल्या तीन आठवड्यांत आई ज्या वेगानं थकत गेली, त्यावरून मला वाटतं आपण आता आठवड्यांबद्दल बोलतोय, महिन्यांबद्दल नाही. दोन-तीन, कदाचित चार. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गासारखं अचानक काही झालं तर त्याआधीही. माझा अंदाज चुकून जास्त दिवस मिळाले तर मला आनंदच होईल. पण ज्यांना यायचं आहे त्यांनी या आठवड्यात यावं." शेवटचं वाक्य गाळू नका. माप सांगून त्याचा अर्थ न सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं. बोलून झालं की गप्प बसा. पुढचा प्रश्न त्यांना सुचू द्या.

दोन भीती हमखास बोलून दाखवल्या जातात. "खात नाही म्हणून खालावतोय, नळी घालू का? सलाइन लावू का?" या टप्प्यावर शरीर आतून बंद होत असतं म्हणून भूक जाते, भूक गेली म्हणून शरीर बंद होत नाही. एदुआर्दो ब्रुएरा यांच्या 2013 च्या चाचणीत हॉस्पिस सेवेतल्या 129 रुग्णांना रोज एक लिटर किंवा फक्त 100 मिलिलिटर सलाइन दिलं गेलं. ना त्रासात फरक पडला, ना जगण्याच्या काळात. तोंड ओलं ठेवा, ओठांना मलम लावा, बळेच भरवू नका. दुसरी भीती: "दवाखान्यात नेलं असतं तर जास्त जगले असते का?" जपानमधल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या 2016 च्या अभ्यासात घरी गेलेल्यांचं आयुष्य रुग्णालयात गेलेल्यांपेक्षा कमी आढळलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, आणि माणूस गेल्यानंतरही पुन्हा सांगते.

सातवी पायरी: अंदाजाप्रमाणे घर तयार करा

महिन्यांचं माप असेल तर कागदपत्रं, इच्छा, राहिलेलं बोलणं, आणि पुढच्या केमोबद्दल मोकळी चर्चा. आठवड्यांवर आलं की पलंग, हवेची गादी, कमोडची खुर्ची, रजा आणि रात्रीच्या पाळ्या. कोलेस्टेरॉलच्या गोळीसारखी लांबच्या फायद्याची औषधं बंद. दिवसांवर आलं की सगळ्यात आधी औषधांचा मार्ग बदला. गिळणं थांबायच्या आधी, थांबल्यावर नाही. मॉर्फिन (दुखण्यासाठी), मिडाझोलाम (तळमळीसाठी), हॅलोपेरिडॉल (मळमळ आणि गोंधळासाठी) आणि घरघरीचं औषध कातडीखालून द्यायची बारीक सुई, तयार इंजेक्शनं, कुणी कधी काय द्यायचं त्याचा मोठ्या अक्षरातला कागद, हे सगळं शुक्रवारच्या संध्याकाळी घरात असलं पाहिजे, कारण रविवारी पहाटे ते मिळत नाही. साखर, बीपी, ऑक्सिजन मोजणं थांबवा. फोन कुणाला करायचा आणि मृत्यूचा दाखला कोण देणार, हे लिहून भिंतीला लावा.

माप बदललं की लगेच कळवा. "मागच्या वेळी मी आठवडे म्हणाले होते, आता दिवस वाटतात" असं फोन करून सांगायला संकोच करू नका.

शेवटची पायरी: स्वतःचा अंदाज तपासा

प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या भेटीत आणि दर वेळी माप बदलताना मी तारीख घालून अंदाज लिहिते: पीपीएस किती, पीपीआय किती, मला काय वाटतं, नर्सला काय वाटतं. माणूस गेल्यावर शेजारी प्रत्यक्ष दिवस लिहिते. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघी ती वही उघडतो. तरुण रुग्णांच्या, लहान मुलं असलेल्या घरांच्या रांगेत माझे आकडे अजूनही प्रत्यक्षापेक्षा जास्त येतात. त्या घरांमध्ये मी आता नर्सचा कागद आधी वाचते.